माळावर वाट बांधू नका, राखा

बारामती-इंदापूर भागातल्या एखाद्या गावात निसर्ग पर्यटनाचा विषय निघाला, की पुढच्या अर्ध्या तासात काय होणार हे ठरलेलं असतं. एकजण कमान सुचवतो, दुसरा पेव्हर ब्लॉक. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी गुलमोहर हवा असतो, चौथ्याला सेल्फी पॉइंट आणि सोलर दिवे. मग निधी कुणाकडून आणायचा यावर चहा येईपर्यंत चर्चा होते. आणि ज्या माळासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्या माळावर रोज मेंढरं घेऊन फिरणारा माणूस त्या सभेत नसतो.

आपल्याकडे पाऊस वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. या पावसावर निसर्गाने इथे जंगल उभं केलं नाही, गवत उभं केलं. त्या गवताळ माळाला वाटा मुळात आहेतच: बैलगाडीची चाकोरी, मेंढरांनी पाडलेली पायवाट, वनखात्याची जाळरेषा, वस्तीवरून देवळाकडे जाणारा पांद रस्ता. नवी वाट बांधण्याची गरज शंभरातल्या एखाद्या गावाला असेल. बाकीच्यांचं काम वेगळं आहे. माणसांनी कुठे जायचं नाही हे आधी ठरवायचं, आणि ते ठरवण्याची सूत्रं गावाच्या हातातून सुटू द्यायची नाहीत. ग्रामपंचायत सदस्य, संयुक्त वन व्यवस्थापन समितीत असलेली मंडळी, तरुण मंडळं आणि शाळेतले शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात शून्यातून करायची नाही, ही मोठी सोय. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 सालचं आहे. जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा पाहायला पुण्याहून लोक तिथे वर्षानुवर्षं येतात. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळच्या मच्छीमारांनी उजनीच्या पाणफुगवट्यावर पक्षी दाखवण्याचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला. आणि 2024 मध्ये पुणे वनविभागाने बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी इथे गवताळ सफारी सुरू केली. ऑनलाइन नोंदणी, ठरलेला मार्ग आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक, अशी तिची रचना. माळाकडे ‘पडीक’ म्हणून बघणाऱ्या सरकारी कागदांच्या राज्यात माळ दाखवायला लोकांना तिकीट काढायला लावणं, हा मोठाच बदल म्हणायचा. शेजारच्या गावांनी त्याची नक्कल करण्याआधी एकदा शिर्सुफळला किंवा कडबनवाडीला पर्यटक म्हणून जाऊन यावं. पैसे भरून जावं. पाहुणा म्हणून फुकट फिरलेल्या माणसाला व्यवस्थेतल्या अडचणी दिसत नाहीत.

जमीन कुणाची, हे आधी

माळ सगळा सारखाच दिसतो, पण पायाखालची जमीन चार मालकांची असू शकते. वनखात्याची, गायरान, खासगी पडीक आणि उजनीच्या काठाला जलसंपदा विभागाची. गाव नकाशा आणि गट नंबरांचे सातबारे काढा, आणि तुमच्या मनातली वाट त्या नकाशावर पेन्सिलने ओढा. वाट वनजमिनीतून जात असेल, तर वनरक्षक आणि वनपालांना घेऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जा. परवानगीशिवाय तिथे फलक रोवणं, चर खणणं किंवा आत गाड्या नेणं हा गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. गायरानाची देखभाल ग्रामपंचायतीकडे असली, तरी तिथे हॉटेल, सभागृह, तिकीटघर असलं काही बांधायच्या भानगडीत पडू नका. 2011 च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं आहे, आणि ‘विकासकाम’ हा शब्द तिथे ढाल म्हणून चालत नाही. खासगी पडीकातून वाट जाणार असेल, तर त्या शेतकऱ्याशी लेखी बोलणी करा. तोंडी ‘जाऊ द्या की’ हे दोन वर्षं टिकतं. तिसऱ्या वर्षी त्याचा मुलगा कुंपण घालतो.

दुसरा कागद म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावची नोंदवही कपाटात असेलच. ती बाहेर काढून वाचा. शेजारच्या तालुक्याच्या नोंदवहीतून उतरवून घेतल्यासारखी वाटली, तर कुरणात गवत कापणाऱ्या वयस्कर बायांना बोलवा आणि पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी यांतलं कोणतं गवत कुठे उगवतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. पुढे मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाला हाच मजकूर कामी येतो.

मेंढपाळाला सभेत बोलवा, नाहीतर सभा त्याच्याकडे न्या

माळाची खरी माहिती धनगर कुटुंबांकडे असते. लांडग्याची जोडी कोणत्या ओढ्याच्या काठाला असते, तरसाचं बिळ कुठे आहे, खोकडाने यंदा जागा बदलली का, हे त्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्यातले बरेचजण दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तुमची सभा जानेवारीत असेल, तर ते येणार कसे? म्हणून पहिली बैठक पावसाळ्यात, त्यांच्या वाड्यावर, संध्याकाळी मेंढरं वाघरीत गेल्यावर घ्या.

तिथे पहिला विषय पर्यटनाचा काढू नका. नुकसानीचा काढा. लांडग्याने कोकरू नेलं तर सरकारी भरपाई मिळते, पण त्यासाठी साधारणपणे 48 तासांच्या आत वनखात्याला खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो आणि तोवर मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं. ज्याचा वाडाच दर दोन-चार दिवसांनी हलतो, त्याला हे जमवणं अवघड जातं. गावातल्या दोन मुलांनी ही जबाबदारी घ्यावी: फोन आला की गाडी काढायची, फोटो घ्यायचे, वनरक्षकाला बोलवायचं, अर्ज भरायचा. वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक वाड्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये घालून द्या. ज्या माळावर लांडगा पाहायला लोक पैसे मोजतात, त्या माळावर त्या लांडग्याचा खर्च मेंढपाळ उचलत असतो. हा हिशेब सुटला नाही, तर एखाद्या मेलेल्या शेळीवर कुणीतरी विष टाकतं आणि सगळ्या वाटेचं कामच संपतं. 2022 मध्ये देशभरात सुमारे 3,100 लांडगे असल्याचा अंदाज आला होता. त्याच वर्षीच्या गणनेतल्या वाघांपेक्षाही हा आकडा कमी आहे. वाघासाठी प्रकल्प आहे, निधी आहे, राखीव जंगलं आहेत. लांडगा मात्र बहुतेक करून आपल्याच गायरानांवर, आपल्याच मेंढरांच्या मागे जगतो.

वाट ठरवताना

मार्च ते पावसाळा या काळात मुरमाड माळावर एकदा सकाळी हळू चालून बघा. धाविक पक्षी पुढे तुरुतुरु धावेल, थांबेल, पुन्हा धावेल. माळटिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालेल. ती तुमच्यावर चिडलेली असते, कारण तिची अंडी तुमच्या बुटापासून हातभर अंतरावर असू शकतात. घरटं असं काही नसतंच. उघड्या मुरमात किंचित खळगा आणि त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची दोन-तीन-चार अंडी. खड्यांमध्ये खडा. नुकती दाखवलेली जागा क्षणभर नजर हलवली की पुन्हा सापडत नाही. चारचाकीच्या ड्रायव्हरला ती दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणून पहिला नियम: गाडी जुन्या चाकोरीतच राहील, बाजूला उतरणार नाही, समोर चिंकारा दहा पावलांवर उभा असला तरी. पर्यटक म्हणेल, ‘थोडं पुढे घ्या ना.’ मार्गदर्शकाला नाही म्हणायची हिंमत यावी यासाठी तो नियम तिकिटावरच छापा. पायी फिरायची वाट दोन-तीन किलोमीटरपेक्षा लांब नको, कारण इथे सावली नाही आणि सकाळी नऊनंतर उन्हाळ्यात माणूस आणि प्राणी दोघेही आडोसा शोधतात. वाट मुरमाच्या उंचवट्यावरून न्या. काळ्या रानातून नेलीत, तर पावसाळ्यात प्रत्येक पावलाला किलोभर चिखल चिकटेल आणि लोक कडेने चालत वाट दहा फूट रुंद करतील. ओढ्याकाठच्या झुडपांपासून आणि बिळांपासून वाट लांब ठेवा. आपल्याकडे लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. गुहेची किंवा बिळाची जागा समितीतल्या दोघा-तिघांपलीकडे कुणाला कळता कामा नये, आणि पिल्लं असताना तो सगळा भाग बंद. इथे तडजोड करू नका. रात्रीच्या फेऱ्या, गाडीचे प्रखर दिवे आणि ड्रोन या तिन्हींवर ठरावातच बंदी घाला.

फलक कमी आणि मराठीत ठेवा. सुरुवातीला एक, फाट्यावर एक, इतके पुरे. प्रत्येक वळणावर प्राण्याचं रंगीत चित्र लावण्याची हौस असते. तो पैसा दुर्बिणींवर घाला. चार चांगल्या दुर्बिणी असलेली समिती चाळीस फलकांच्या समितीपेक्षा पर्यटकाला जास्त दाखवते.

झाडं लावायची नाहीत

हे लिहिलं की गावातले निम्मे लोक नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. माळावरचे चिंकारा, ससे, चंडोल, टिटव्या, हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हे मोकळ्या रानाचे रहिवासी आहेत. दूरपर्यंत दिसणं हीच त्यांची सुरक्षितता. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली, की सावलीत गवत मरतं, कावळ्यांना आणि घारींना टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवरच्या अंड्यांचा फडशा पडतो. वेडी बाभूळ तर आपणहून पसरते, ती काढत राहणं हेच मोठं काम आहे. एखादी कंपनी सामाजिक निधीतून दहा हजार रोपं द्यायला तयार असेल, तर घ्या. पण ती शेताच्या बांधावर, शाळेत, देवळाजवळ, स्मशानभूमीत आणि रस्त्याकडेला लावा. चांगलं गवत धरलेल्या माळावर जेसीबीने समतल चर खणणंही असंच घातक, कारण घट्ट विणलेली गवताची मुळं एकदा उचकटली की तिथे आधी तण येतं.

माळाला हवं ते साधं आहे. कुरणाचे भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने चराईला बंद ठेवायचा. बी झडल्यावरच गवत कापायचं आणि ते गावातल्या जनावरांना द्यायचं. उन्हाळ्याआधी वनखात्याबरोबर जाळरेषा साफ करायच्या. उन्हाळ्यातले पाणवठे हा देणगीदारांचा आवडता विषय. चिंकाऱ्याला चाऱ्यातूनच बरंचसं पाणी मिळतं, तेव्हा त्याच्या नावाने टँकरची घाई नको. पाणवठा करायचाच असेल, तर वाटेपासून लांब आणि वनखात्याला विचारून करा. रस्त्यालगत फोटोसाठी केलेल्या पाणवठ्यावर सगळ्यात आधी कुत्री जमतात.

कुत्र्यांचा प्रश्न तर पाणवठ्याहून मोठा. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर फेकल्या जातात, त्यावर मोकाट कुत्र्यांचे कळप पोसले जातात आणि ते चिंकाऱ्याच्या पाडसांच्या मागे लागतात. त्यांच्याकडून लांडग्यांना डिस्टेंपरसारखे रोग जातात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावाही 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे विष न घालता, गोळी न झाडता लांडगा नाहीसा होऊ शकतो. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या पक्ष्यांसाठी खड्डा करावा ही अट ग्रामपंचायतीने घालावी. गावच्या आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना वर्षाला एकदा लसीकरणाचं शिबिर घ्यावं. पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र द्या, तारीख मागा. कमानीच्या पैशात अशी शिबिरं कितीतरी वर्षं होतील.

भिगवणकडून शिकायचं ते

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. त्याच पाण्यावर मासेमारी वाढली आणि पुढे त्याच होड्या पक्षी दाखवू लागल्या. रोहित, पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, थापट्या ही नावं आज कुंभारगावची मुलं सहज घेतात. त्यामागे पंचतारांकित असं काही नाही. होडी, घर आणि जेवण. चिलापीचं कालवण, बाजरीची भाकरी.

या यशातून दोन गोष्टी उचलायच्या. रोहित पक्षी कॅलेंडर बघत नाही, पाणी बघतो. काठचा चिखल उघडा पडून उथळ पाणी झालं की तो उतरतो. धरण तुडुंब राहिलं, तर डिसेंबरातही बूड टेकवत नाही. ‘नोव्हेंबरपासून फ्लेमिंगो’ असं छापून बसलात, तर शनिवारी पुण्याहून आलेल्या चाळीस गाड्यांची समजूत काढायला तुम्हालाच जावं लागेल. जाहिरातीत हंगाम सांगा, पक्षी कबूल करू नका. दुसरी गोष्ट अंतराची. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थेट थव्यात घालणारे पर्यटक आहेत आणि बक्षिसीसाठी तसं करणारे नावाडीही आहेत. उडालेला प्रत्येक थवा खायचा वेळ घालवतो आणि दोन-चार हंगामांत जागा बदलतो. इंजिन कुठे बंद करायचं याची खूण पाण्यात बांबू रोवून करा. लाइफ जॅकेटशिवाय होडी सुटणार नाही, हेही त्याच ठरावात लिहा.

पैशाची वाटणी हा मात्र अवघड भाग, आणि बहुतेक गावं इथेच फुटतात. गाडीवाला, होडीवाला, घरात पाहुणे ठेवणारा यांच्या हातात रोख येते. गवत राखणाऱ्याच्या आणि मेंढपाळाच्या हातात काही येत नाही. तेव्हा समितीचं स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक फेरीची पावती, आणि मार्गदर्शकांची पाळी लेखी. ज्याचा सोशल मीडियावर गाजावाजा जास्त, त्याच्याचकडे सगळी गिऱ्हाइकं, असं झालं तर बाकीच्यांचा रस संपतो. जमा रकमेतला ठरावीक वाटा नुकसानीच्या तातडीच्या मदतीसाठी बाजूला काढा. सरकारी भरपाई येईल तेव्हा येईल, पण कोकरू गेलं त्याच दिवशी वाड्यावर थोडे पैसे पोचले तर माळ शांत राहतो. मुक्कामासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचा कासव महोत्सव बघावा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ते काम उभं केलं आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरांत राहतात. एकाच हॉटेलाच्या गल्ल्यात सगळं जात नाही.

माणसं आणायची कुठून

पुण्या-मुंबईकडे बघण्याआधी स्वतःच्या तालुक्याकडे बघा. बारामतीत शिकणारी हजारो मुलं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपल्या तालुक्यातला लांडगा फोटोतही पाहिलेला नसतो. 1 ते 7 ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, आणि त्या दरम्यान राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. पहिल्या वर्षी फक्त या दोन आठवड्यांत शाळांना आणा, छोट्या गटांत, मोफत. चुका होतील त्या आपल्या माणसांसमोर होतील. छायाचित्रकारांचे गट त्यानंतर. त्यांना एक अट घाला: फोटो टाकताना गावाचं नाव लिहा, नेमकी जागा किंवा नकाशावरची खूण टाकू नका.

वाट सांभाळायची कशी, हे आपल्याला बाहेरून शिकण्याची फारशी गरज नाही. आषाढवारीत तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि पुढे सराटी. पाणी कुणी द्यायचं, विसावा कुठे, न्याहारी कोणत्या गावाची, हे पिढ्यान्पिढ्या वाटून घेतलेलं आहे. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन पायवाट साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. तीही याच पद्धतीने चालते. वेगवेगळ्या स्वयंसेवी क्लबांनी आपापला टप्पा दत्तक घेतलेला असतो आणि पडलेलं झाड उचलण्यापासून खुणा रंगवण्यापर्यंत सगळं त्या टप्प्याचं काम त्यांचं. तुमच्या माळावरची तीन किलोमीटरची वाट तीन मंडळांत वाटा. गणपती मंडळ एक किलोमीटर, बचत गट एक, माध्यमिक शाळा एक. कोणाच्या किलोमीटरवर प्लास्टिक सापडलं, हे महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचायचं. गावात याचा परिणाम दंडापेक्षा चांगला होतो.

कामाचा क्रम असा ठेवा. पावसाळ्यात वाड्यावरची बैठक आणि नोंदवही. सप्टेंबरात वनखात्याबरोबर वाट पायी फिरून बंद भाग नकाशावर नक्की करणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळा. हिवाळाभर मोजक्या फेऱ्या, रोज किती गाड्या हे आधीच ठरवून. फेब्रुवारीत हिशेब गावासमोर. मार्चपासून घरट्यांच्या दिवसांत पायी फेऱ्या बंद, तेवढ्या काळात वेडी बाभूळ काढणं आणि कुत्र्यांचं लसीकरण. आणि हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घाला: बंद भाग, बंद महिने, गाड्यांची मर्यादा, पैशाची वाटणी आणि मेंढपाळांचे दोन प्रतिनिधी समितीत कायम. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन त्यावर पोच घ्या आणि ती पंचायतीच्या फाइलसोबत शाळेतही ठेवा. पाच वर्षांनी नवी बॉडी आली की पंचायतीतली फाइल बहुधा सापडत नाही.